कोरा करून आणलेला लॅपटॉप

जुनी वस्तू घेताना उत्तरेश्वरला कुणी फसवू शकत नाही, असं एकट्या उत्तरेश्वरचंच मत होतं. बैल घ्यायचा तर तो दात मोजायचा, फटफटी घ्यायची तर चाक उचलून फिरवून बघायचा. म्हणून बायकोसाठी जुना लॅपटॉप आणायला बीडला निघाला तेव्हा त्यानं अंजनाला सोबत नेलंच नाही. दुकानात लॅपटॉप चांगला चालू होता. पण पडद्यावर आधीच्या मालकाच्या घरच्या लग्नाचे फोटो दिसले आणि ह्याचं डोकं फिरलं. दुसऱ्याचं बिऱ्हाड आपल्या घरात कशाला? त्यानं दुकानदाराला बजावलं, आतलं सगळं काढ, नावालासुद्धा काही ठेवू नको. दुकानदारानं दोनदा विचारलं, सगळं? हा म्हणाला, सगळं. मग काय, त्यानं सगळंच पुसून दिलं आणि गडी मोठ्या ऐटीत आपल्या गावी, युसूफ वडगावला आला.

घरी अंजनानं बटण दाबलं. काळा पडदा आणि वर इंग्रजीची एक ओळ. बंद करून पुन्हा चालू केला, तीच ओळ. लग्नाआधी तिनं केजला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळं तिला अर्थ लागला. लॅपटॉप ज्यावर चालतो तेच आत उरलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "साफ करून आणलाय." अंजनानं कपाळाला हात लावला.

आता ह्या डब्यावाचून तिचं एवढं काय अडलं होतं, ते सांगायला पाहिजे. अंजना आणि उत्तरेश्वर मिळून ऊसतोडीचा एक कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला बघून तोडीची टोळी जमवणारा मुकादम नाक मुरडतो, सोबतचे टिंगल करतात. दिवाळी झाली की दोघं कारखान्यावर जायची, ती ऊन तापल्यावर परतायची. गेल्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना अंजनाचा पाय सटकला. कंबर वाचली, पण भीती बसली ती बसलीच. रात्री झोपेतही तिला फळी दिसायची.

तशात गावातल्या दूध डेअरीवरचा माणूस काम सोडून गेला. कुणाचं दूध किती आलं, फॅट किती लागलं, हे सकाळ-संध्याकाळ कॉम्प्युटरवर टाकायचं काम. डेअरीचे आबासाहेब अंजनाला म्हणाले, लॅपटॉप तुझा आण, दिवाळीच्या आत चालवून दाखव, काम तुझं. म्हणजे लॅपटॉप चालला तर घर, नाही चालला तर पुन्हा फळी.

केजला झेरॉक्सचं दुकान चालवणारा प्रविण तिच्या कोर्समधलाच. अंजनानं त्याला जाऊन सगळं सांगितलं, तर तो आधी पोट धरून हसला. मग त्यानं सांगितलं की लिनक्स म्हणून एक फुकटचं असतं, ते जुन्या मशिनला हलकं जातं, आणि ते पेनड्राइव्हवर भरून दिलं. लॅपटॉप चालू करताना अमुक बटण दाब, यादी येईल, तिच्यात पेनड्राइव्हचं नाव निवड, पुढचं सगळं तेच विचारत जाईल. अंजना खुशीत परतली. घरी खंडेनवमीची पूजा होऊन गेली होती. सासू मुक्ताबाईनं कोयते, विळे, फटफटी पुजली होती आणि त्याच पाटावर लॅपटॉपही मांडला होता. झाकणावर पाच बोटं कुंकवाची. अंजनाला हसू आलं. तिनं झाकण पुसलं आणि पेनड्राइव्ह घातला.

यादी आली, पण यादीत पेनड्राइव्ह नव्हता. दुसऱ्या बाजूच्या खाचेत घातला, तिथंही तेच. पुन्हा केजची जीप पकडली, तर प्रविणच्या मशिनवर तोच पेनड्राइव्ह झकास चालला. म्हणजे खोट लॅपटॉपातच. उत्तरेश्वर म्हणायला लागला, नाद सोड, आपला कोयताच बरा. त्याला तरी काय बोलणार, मुकादम बिभीषण दारावरून चकरा मारायला लागला होता. घरी येऊन अंजनानं परत एकदा घालून बघितला. नाहीच. तिला रडू फुटलं. रागारागानं तिनं पेनड्राइव्ह ओढून काढला आणि बघते तर त्याच्या तोंडाला लाल लागलेलं.

कुंकूच ते. ओलं कालवून काडीनं आत घातलेलं, आणि आता वाळून खडा झालेलं. दोन्ही बाजूच्या खाचा तिनं निरखून बघितल्या. सासूबाईनं एकही सोडली नव्हती.

मुक्ताबाई ओसरीत ज्वारी पाखडत बसली होती. अंजना तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, वरून लावलं तेवढं बास न्हवतं का? आत कावून भरलं?"

मुक्ताबाईचं सूप थांबलं. "वरवर लावून काय व्हतंय? ही मशीन चालली तर तू घरी ऱ्हाणार म्हून आतवर लावलं. तुमी दोघं गेल्यावर सा महिने मी ह्या भिताडांसंगं बोलते, तुला ठाव तरी हाय का?"

अंजनाला ठाऊक नव्हतं. फोनवर म्हातारी दर वेळी एवढंच म्हणायची, मी बरी हाय, तुमी जिवाला जपा. अंजनाचा राग कुठल्या कुठं पळाला आणि तिला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ती स्वतःचेच हाल मोजत आली होती.

मग दोघी मिळून कामाला लागल्या. लॅपटॉपची बॅटरी काढली, दात घासायच्या जुन्या कोरड्या ब्रशनं आणि आगकाडीच्या टोकानं खडा हळूहळू कोरून काढला. मुक्ताबाईनं मोबाइलचा उजेड धरला. कुंकू कोरायच्या आधी तिनं हात जोडले होते आणि लॅपटॉपाला म्हणाली होती, देवाचं काम झालं, आता तू तुझं कर. ह्या वेळी यादीत पेनड्राइव्हचं नाव आलं. नवं सगळं आत भरेपर्यंत चुलीवरच्या दुधाला राखण बसावं तशी म्हातारी समोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर अंजनानं पंधरा-वीस गवळ्यांच्या दुधाची नोंद न चुकता करून दाखवली, आणि आबासाहेब म्हणाले, उद्यापासून ये.

उत्तरेश्वर मात्र घुम्यासारखा झाला. अर्धा कोयता म्हणून जायचं, दुसऱ्या कुणा अर्ध्याशी जोडी जमवायची, वर स्वतःच्या हातानं भाकरी थापायची. दोन दिवस तो अंजनाशी धड बोलला नाही. तिनंही मनवलं नाही. आता ह्यानं जोडीनंच जायचा हट्ट धरला तर काय करायचं, ही धास्ती तिला होतीच.

अखेर बिभीषण आला आणि दारातूनच म्हणाला, "मग, तुमचा एक कोयता धरू ना?"

अंजना दाराआड उभी होती.

"अर्धा धरा," उत्तरेश्वर म्हणाला.

"अर्धा? कावून बे, घरवाली आजारी हाय का?"

"न्हाई. तिला तिचं काम हाय."

बिभीषण तोंड वाकडं करून वळला, तेवढ्यात मुक्ताबाई लगबगीनं बाहेर आली. दर साली मुकादम आला की ती पाठ फिरवून आत जायची. आज तिनं त्याला थांबवलं आणि चहा घेऊनच जा म्हणाली.