मालक नसलेला पंखा

कोणाच्याही हुकुमावाचून माणसे एकत्र काम करू शकतात, यावर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच एका ओपन सोर्स ब्लॉकचेन प्रकल्पाच्या डेव्हलपर मंडळींची बैठक मी दर महिन्याला कसबा बावड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरवत असे. हॉल फुकट होता. अट एवढीच, की जाताना पंखा बंद करायचा. तो दोनदा चालू राहिला होता. पुन्हा राहिला तर हॉल मिळणार नाही, असे सेक्रेटरींनी बजावले होते.

शेवटच्या खुर्चीवर एक गृहस्थ मांडीवर हेल्मेट घेऊन बसायचे. वरच्या मजल्यावरचा बायकोचा योगवर्ग सुटेपर्यंत ते आमचे ऐकत आणि मान डोलावत. त्यांचे नाव आम्ही विचारले नाही. आमच्या प्रकल्पात तशी पद्धत नाही.

एकदा बैठक संपवताना मी सांगत होतो, की या व्यवस्थेला मालक नाही, जो तो जबाबदार आहे. त्यांनी हात वर केला.

"पावणं, मालक न्हाय म्हंतासा, ते झ्याक हाय. पर मग फॅन कोण बंद करणार?"

"सगळेच," मी म्हणालो.

"व्हय की," म्हणत त्यांनीच उठून बटण दाबले. पुढेही दर बैठकीनंतर तेच दाबत राहिले. तो आम्ही आमच्या तत्त्वाचा विजय मानला.

मग योगवर्गाची वेळ बदलली. त्या रविवारी आमची चर्चा उत्तम झाली आणि पंखा सोमवारपर्यंत फिरत राहिला.

आता बैठक कळंबा तलावाच्या काठावर भरते. तिथे पंखा नाही.