सुखरामची कमची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. गेल्या महिन्यात मुर्रीचा एक गाडीवान धान घेऊन आमच्या गिरणीत आला आणि पोती उतरवता उतरवता म्हणाला, "सुखराम डायवर गेला जी, बाबू." मी मान हलवली आणि पोती मोजत राहिलो... मोजणी दोनदा चुकली.

गिरणीचे मालक माझे मामा. त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती आणि सुखराम तिचा ड्रायव्हर. अर्जुनी मोरगावकडच्या तलाव बांधणाऱ्या घराण्यातला माणूस. त्याचे वडील खाचा पाडलेला लाकडी दांडा तळाला टेकवून गावतलावाचं पाणी मोजत. सुखरामने तीच रीत मोटारीला लावली. समोरचा पेट्रोलचा काटा रस्त्यात थरथरायचा, म्हणून त्याने रिकाम्या टाकीत एकेक गॅलन ओतून बांबूच्या कमचीवर खाचा पाडल्या होत्या. रोज संध्याकाळी तो टाकीच्या तोंडातून कमची सरळ खाली टेकवायचा, ओल कुठवर आली ते बघायचा आणि मला आकडा सांगायचा; गिरणीची हिशेबवही माझ्याकडे होती. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. त्याच्या आकड्यावर मामा डोळे मिटून विश्वास ठेवत.

एकदा सुखराम पुतण्याच्या लग्नाला गावी गेला असताना मी मामांना न विचारता मोटार काढली. सासुरवाडीला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. कोहमाऱ्याच्या पुढे बैलगाडीच्या वाटेवर खालून दगड लागला. उतरून पाहिलं तर टाकीचं बूड वर दबलेलं, नेमकं तोंडाच्या खाली. गळत मात्र नव्हती. मी त्यावर चिखल थापला, मोटार आणून जागेवर उभी केली आणि गप्प बसलो.

सुखराम परतल्यावर चौथ्या दिवशी मामा उभ्या मोटारीत बसले होते. काट्याकडे बघत त्यांनी किती पेट्रोल आहे ते विचारलं. सुखरामने कमची घातली. चार गॅलन, म्हणाला. काटा पाच दाखवत होता. मामांनी गिरणीच्या अंगणातच, हमालांसमोर, टाकी गॅलनाच्या डब्यांत उपसायला लावली. पाच भरले.

"चार सांगायचे आणि एक पचवायचा," मामा म्हणाले. "वा रे तलाववाले!"

"माझी कमची खोटी नाही जी, मालक."

"मग हे डबे झूठ बोलतात का?"

हमाल हसले. सुखरामने माझ्याकडे पाहिलं. रोज आकडा मलाच सांगायचा ना... मी वहीत डोकं घातलं. कमची दबलेल्या बुडावर अडून उंच राहत होती, म्हणून ओल कमी दिसत होती, एवढंच. हे एक वाक्य मला बोलता आलं असतं. मामांनी कमची फेकली, त्याला त्याच पावली काढलं. सगळे पांगल्यावर मी ती उचलून घरी आणली. आठवण म्हणून नव्हे. कुणी पुन्हा घालून बघू नये म्हणून.

त्यानंतर त्याला कुणी मोटारीवर ठेवलं नाही. पेट्रोलचोर म्हणूनच तो ओळखला जाऊ लागला. मुर्रीत दुसऱ्याच्या शेतावर राबला.

गेल्या उन्हाळ्यात तो मला गोंदियाच्या बाजारात भेटला. खोकत होता. मी कडेने निघणार, तर त्यानेच हाक मारली. मोटार मोडीत निघाली तेव्हा तिची टाकी एका कल्हईवाल्याच्या दुकानात त्याने पाहिली होती.

"तलावात गाळ चढला का दांडा कमी सांगते, बाबू," तो म्हणाला. "टाकीचं बूड चढलं होतं. मी गावी गेलो तवा कोण चालवली, ते मले मालूम आहे."

"मग बोलला काऊन नाहीस?" माझ्या तोंडून निघालं.

"मले कोण मानलं असतं? मी तुमची वाट पाहून राहिलो."

मी त्याला चहा विचारला. त्याने नको म्हटलं आणि निघून गेला. तेव्हाही वेळ होती. मामा आहेत, गिरणी आहे, ते हमालही आहेत. मी गेलो नाही.

कमची माझ्या कपाटात आहे. खाचांत बोट फिरवलं की कळतं, एकही वाकडी नाही. आता ती त्याच्या मुलाच्या हाती द्यायची आणि त्याच अंगणात, मामांसमोर आणि हमालांसमोर, म्हणायचं की टाकी मी ठोकली, सुखराम चोर नव्हता. इथे लिहिलं, पण तिथे अजून बोललो नाही. तेवढं त्याचं देणं माझ्याकडे राहिलं आहे.