राहिलेली साक्ष

२००३ साली शशिधर हत्तरकी कोल्हापूरच्या कोर्टात सरकारी वकील होता. पाच वर्षांपूर्वी एका पक्षाच्या बंदमध्ये शिरोलीतल्या फौंड्रीच्या फाटकावर मल्लेश नावाच्या पहारेकऱ्याला जमावानं ठार मारलं होतं. तो खटला शशिधरकडे होता. त्याचा डबा घेऊन गेलेल्या त्याच्या बायकोनं, बसव्वानं, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. ती आता सीमेकडच्या खेड्यातून दर तारखेला यायची. मराठी समजायचं तिला, बोलता यायचं नाही. शशिधर तिच्याशी आपल्या घरच्या कन्नडात बोलायचा.

जूनमध्ये कारकून कृष्णात एक टाइप केलेला कागद घेऊन आला. खटला मागे घेण्याचा अर्ज.

“सायब, सही तेवढी करा की. आंदोलनातल्या केशी मागं घ्यायची यादी आलीया वरनं.”

“वाचू तर दे.”

“त्यात वाचायचं काय हाय?”

शशिधरनं वाचलं. ‘सर्व पुरावा तपासून मी स्वतः या मतास आलो आहे की, खटला चालविणे लोकहिताचे नाही.’

“असं मी कधी म्हणालो, कृष्णात?”

“आता म्हणा की.”

त्यानं पेनाला टोपण लावलं.

आठवड्याभरात फाईल दुसऱ्या वकिलाकडे गेली. बार रूममध्ये शशिधरच्या टेबलाशी कुणी चहाला बसेना. बरोबर सनद घेतलेला बाळासो उभ्या उभ्याच बोलला.

“लई शाणा हाईस. सरकारचा वकील, मग सरकारचं ऐकायला काय हुतंय?”

“सरकारनं आपल्या नावानं सांगावं. माझं मत म्हणून कशाला?”

बाळासो दाराकडे बघत निघून गेला.

अर्जाच्या दिवशी शशिधर मागच्या बाकावर बसव्वाशेजारी बसला. नव्या वकिलानं सही केलेला तोच अर्ज वाचून दाखवला. बसव्वा उठली आणि कन्नडात बोलू लागली. कुणाला काही कळेना. शशिधर उभा राहिला.

“आपण या खटल्यात कोण?” न्यायाधीशांनी विचारलं.

या खटल्यात आजवर तो पुढच्या टेबलाशी उभा राहिला होता.

“कुणी नाही. ही काय म्हणते ते मराठीत सांगतो.”

“सांगा.”

“ती म्हणते, मारणाऱ्यांना मी ओळखते. माझी साक्ष अजून झालेली नाही. मग पुरावा कुणी तपासला?”

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. दुपारी अर्ज मंजूर झाला.

बाहेर आल्यावर बसव्वानं सवयीनं पुढची तारीख विचारली.

“आता तारीख नाही, अक्का.”

ती तिथंच पायरीवर बसली. तोही बसला. कोर्ट सुटलं तसे वकील त्या दोघांना वळसा घालून खाली उतरत राहिले.