निम्म्या युरियावरचा मका

गेल्या वर्षी मका पेरण्याआधी मी रानातल्या आठ ठिकाणची माती एकत्र केली, सावलीत वाळवली आणि एसटीनं कळंबच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासायला दिली. जमिनीत नत्र भरपूर आहे, युरिया निम्माच टाका, असं अहवालात आलं.

"निम्म्या खतावर कणसं भरत्यात व्हय?" सासूबाईंनी विचारलं. धाकधूक मलाही होती, पण मी निम्माच टाकला.

काढणीच्या तोंडावर एका सकाळी त्या मक्यातून ओरडल्या, "अगं, पळत ये!" मी घाबरून धावले. त्यांच्या हातात सोललेलं कणीस होतं, दाणे पार शेंड्यापर्यंत गच्च.

"लई भरलंय गं!" म्हणत त्यांनी दुसरं सोललं, तिसरं सोललं. मी हसत त्यांचा हात धरला, "आत्याबाई, काढणीला तरी ठेवा!"