शब्बाथसाठी अळणावरला उतरलेल्या मिरियमबाई

फायनलच्या आदल्या दिवशी आमच्या बाई आम्हाला गाडीत बसवून स्वतः अळणावर स्टेशनवर राहिल्या.

त्या मिरियमबाई आज सकाळी इस्राएलमध्ये वारल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला होता.

रडू येतंय, पण त्याहून जास्त सांगावंसं वाटतंय. ऐकाच.

सत्तरच्या दशकाचा शेवट. हुबळी, कमरीपेठ. बाई आमच्या शेजारीण आणि शाळेत खो-खोच्या टीचर. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. घरात आमच्यासारखंच पिठलं-भात, फक्त शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लावायचा आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत काम नाही, प्रवास नाही. हाच त्यांचा शब्बाथ.

गल्लीत नळाला रांग असायची. बाईंची घागर अर्धी भरली की नेमकं पाणी जायचं. बाकीच्या बायका म्युनिसिपालिटीचा उद्धार करायच्या. बाई डोळे मिटून हिब्रूत काहीतरी पुटपुटायच्या.

"काय म्हणता हो?" मी एकदा विचारलं.

"आभार मानते."

"पाणी गेल्याचे?"

"अर्धी भरली त्याचे. आमच्यात उठल्यापासून आभारच मानायचे असतात. भाकरी मोडली की, पाणी प्यालं की. नळ चालू असताना ते सोपं असतंय गं. नळ गेला की मग माझी प्रॅक्टिस सुरू."

"मग राग जातो?"

"कुठला जातोय! पण मी त्याच्या मागनं पळत नाही."

मला हे पटायचं नाही. मी टीमची कॅप्टन, आणि भयंकर तापट. अंपायरशी भांडून एका मॅचमधून बाहेर बसले होते.

त्या शुक्रवारी आम्ही फायनलसाठी सकाळच्या पॅसेंजरनं बेळगावला निघालो. दुपारी पोचायचं, बाई त्यांच्या बहिणीकडे शब्बाथ करणार, बहिणीच्या घरासमोरच ग्राउंड. सगळं मस्त जमवलेलं.

अळणावरला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे जंगलात रुळावर झाड पडलं होतं. दुपार गेली. स्टेशनमास्तर म्हणाले, अंधार पडल्यावर सुटेल.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. फलाटावर येरझारा, हातात रुमाल, मिनिटामिनिटाला सूर्याकडे बघणं.

त्याच गाडीत धारवाडची टीम होती. फायनल आमची त्यांच्याशीच! त्यांच्या सुलोचना टीचर धारवाडजवळच्या केलगेरीच्या, स्वभावानं खणखणीत. बाई त्यांच्याकडे गेल्या. बराच वेळ बोलणं झालं.

"एन्री टीचर, अहो, मॅच सोडून इथं राहता?" सुलोचना टीचर थक्क झाल्या होत्या. मग म्हणाल्या, "बरं. तुमच्या मुली आजपासून माझ्या मुली. काळजी करू नका."

मी मात्र भडकले.

"बाई, एका दिवसानं काय होतंय? देवाला कळणार बी नाही."

"मला कळेल की." बाईंनी मला बाकावर शेजारी बसवलं. "हे बघ, तुमची सोय झाली नसती तर मी गाडीत बसले असते. मुलींचा जीव आधी. पण सोय झालीय. आता तळमळतोय तो फक्त माझा जीव, तुमच्या मॅचसाठी. त्याला आवरणं हेच माझं आजचं काम."

फलाटावर शेंगा विकणारी यल्लव्वा हे सगळं ऐकत होती. "नम्म मनी अद, बर्री अक्का," ती म्हणाली. आमचं घर आहे, चला. बाईंनी पिशवीतून मेणबत्ती काढली आणि तिच्यामागून गेल्या.

शनिवारची फायनल. शेवटचा डाव. आम्हाला बरोबरीला एक गडी हवा, जिंकायला दोन.

मी एकीला टिपलं. शंभर टक्के टिपलं! अंपायर म्हणाला, फाऊल.

डोक्यात जाळ. पाऊल त्याच्याकडे वळलंसुद्धा.

आणि बाई आठवल्या. मला हिब्रू कुठं येत होतं? मी अंबाबाईचं नाव घेतलं. एवढंच म्हणाले, आई, अजून वेळ आहे, त्याचे आभार.

राग तिथंच होता. मी त्याला तिथंच सोडून वळले आणि खो दिला.

तो खो घेऊन आमच्या शोभानं एकीला टिपलं. बरोबरी! मग मला खो मिळाला, समोर त्यांची सगळ्यात चपळ पोरगी खांबाकडे वळत होती. मी अंग झोकून दिलं. बोटं तिच्या टाचेला लागली आणि शिट्टी वाजली.

जिंकलो!

सगळ्यात आधी मला उचललं ते सुलोचना टीचरनी. स्वतःची टीम हरली होती आणि टीचर हसत होत्या.

रविवारी सकाळी परतीची गाडी अळणावरला शिरली. थांबायच्या आधीच मिरियमबाई पदर खोचून डब्याबरोबर पळत होत्या. मागून त्यांची पिशवी घेऊन यल्लव्वा.

मला वाटलं, आता देवाधर्माचं काहीतरी बोलतील.

"स्कोअर सांग आधी!"

सांगितला. बाईंनी मला अशी मिठी मारली की माझा श्वास अडकला. फाऊलचं सांगितलं, अंबाबाईचंही सांगितलं. त्या माझा हात धरून बसल्या.

धारवाड आल्यावर हळूच म्हणाल्या, "काल दिवसभर माझ्या डोक्यात खो-खोच चालला होता गं. प्रार्थनेत कितीदा चुकले."

"मग शब्बाथ मोडला?"

"नाही. मन पळायचं, मी परत घेऊन यायचे. पुन्हा पळायचं, पुन्हा घेऊन यायचे. माणसाला एवढंच जमतं. आणि लय आनंद होता बघ त्यात."

काही वर्षांनी त्या कायमच्या इस्राएलला गेल्या. फोनवर शेवटपर्यंत हुबळीचीच भाषा.

बाई, सुखानं जा. तुमच्या कॅप्टनचा, सगळ्या टीमचा, भरल्या मनानं नमस्कार.

शालोम.