म्हातारीची चामखीळ

पलूसच्या बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो हल्ली लोक मोबाईलवरच उरकतात. माझ्याकडे येतात ते बहुतेक वर्षश्राद्धाचे. ओळखपत्रावरचा बारीकसा चेहरा घेऊन येतात आणि म्हणतात, मोठा करा. आम्ही मोठा करतो, उजळ करतो, सुरकुत्या पुसतो, वर फेटा चढवतो. जन्मभर बंडीवर वावरलेल्या माणसांना मी मेल्यावर कोट घातलेत.

आईचं चित्र मात्र मला ती असतानाच करायचं होतं, समोर बसवून, तैलरंगात. ती काही बसेना. लहानपणी देवी आल्या त्याचे वण तिच्या दोन्ही गालांवर आहेत, आणि फोटो म्हटलं की ती पदर ओढून घेते. तिचं एकच पालुपद, "मेल्यावर लाव भित्तीवर. आनि तोंडावरचं तेवढं बुजीव."

तिची समजूत पटेल तेव्हा पटेल, आपला हात तरी तयार असावा म्हणून मी दर रविवारी सांगलीला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे जायला लागलो. सरांनी माझ्यापुढे एका जुन्या डच चित्राची छापील प्रत ठेवली. पांढरी टोपी घातलेली एक म्हातारी. "आधी हिची नक्कल कर. आई मग."

मला वाटलं, त्यात काय! चेहरे तर रोजचेच. मी गालाला झकास गुलाबी रंग कालवला. सरांनी डोळे अर्धवट मिटून बघायला लावलं, तर छापील चित्रात हनुवटीखाली चक्क हिरवट छटा, आणि टोपीच्या पांढऱ्यात पांढरा रंग नावालाच. एवढं बघायला त्या मूळ चित्रकाराचे डोळे कसले असतील! मी मनोमन त्याच्या पाया पडलो.

चित्र पुरं झालं तेव्हा माझी छाती फुगली होती. सरांनी चष्मा पुसून आधी छापील चित्र पाहिलं, मग माझं. "नाकाशेजारची चामखीळ कुठाय?"

नव्हतीच. हाताच्या सवयीनं मी ती साफ करून टाकली होती.

सर खो खो हसले. "आरं मर्दा, बाई जाऊन साडेतीनशे वर्सं झाली. तुला कोण सांगाय आलतं, बुजीव म्हणून?" मग छापील चित्रावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाले, "खिडकीतला उजेड बघ कसा हितं येऊन थांबलाय. लय मायेनं काढलीय रं त्यानं."

पुढचा अख्खा रविवार मी त्या चामखिळीवर घालवला. इतक्या आनंदानं मी स्टुडिओत कधी काम केलेलं नाही.

चित्र वाळल्यावर घरी आणलं. आई कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी होती.

"कोन रं ही? लय कष्टाची दिसती."

"माहीत नाही. लांबच्या मुलखातली आहे."

तिनं चामखिळीवरून अलगद बोट फिरवलं. "आनि ही तशीच ठिवली व्हय?"

"ज्यानं पहिलं चित्र काढलं, त्यानंच ठेवलीय."

आई आत जाऊन तोंड धुऊन आली, खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली आणि गालावरचा पदर मागं सारला.

"काढ," म्हणाली. "आनि माजंबी बुजवू नगंस."