आईने हुंगलेली बोट
ताज्या ऑइलपेंटचा वास आला की कुणीतरी काहीतरी लपवतंय, असंच मला वाटतं. नव्वदच्या आसपास कोलशेतच्या खाडीवर आमची छोटी होडी होती, आणि पिकनिकवाल्यांना भाड्याने द्यायला मोठी बोट बांधून घ्यायचं बाबांच्या डोक्यात बसलं होतं. एक कारागीर फार गोड बोलायचा. त्याने नमुना म्हणून काठावर ओढून ठेवलेली निळीशार बोट दाखवली. "दादा, वर्षभर चालतेय ही, थेंबभर पाणी आत नाही." बाबा हरखून कठड्यावरून हात फिरवत राहिले. आई मात्र, बाजारात माशाचे कल्ले उघडून बघतात तशी, तळाची फळी उचलून आत वाकली आणि हुंगू लागली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "वरीसभर पान्यान, आन् खाडीचा वास नाय, नुसता रंगाचा? ही पान्यान उतरलीच नाय." कारागीर हसला, पण बाबांकडे बघून, आईकडे त्याने बघितलंच नाही. पुढे दुसऱ्या एका कारागिराने बांधलेल्या जुन्या बोटीत शिरताना बाबांनी नाक दाबलं, आणि आईने काम त्यालाच दिलं. परवा त्याच काठावरच्या टॉवरमध्ये सॅम्पल फ्लॅट बघायला गेलेले. सेल्समन बाल्कनीतून खाडी दाखवत होता, आणि मी किचनच्या सिंकखाली डोकं घालून हुंगत होते.